‘मुलगी हरवली आहे’ असं पोस्टर लावून दुकानाची जाहिरात? नका करू, आणि का नको ते सांगते

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे माझं काही समजायचं चुकलं असेल तर कळेल. नाशिकमध्ये तुमचं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे, दुसरी शाखा उघडताय, आणि एजन्सीच्या पोरांनी आयडिया दिलीये की उद्घाटनाच्या आधी आठवडाभर शहरात ‘मुलगी हरवली आहे’ अशी पोस्टरं लावायची, त्यात फोटो, वय, अंगात कोणत्या रंगाचा फ्रॉक होता वगैरे सगळं खरं वाटेल असं, आणि खाली एक क्यूआर कोड, तो स्कॅन केला की ‘घाबरलात ना? घराबाहेर कॅमेरा असता तर?’ आणि मग तुमची ऑफर. ५०० पोस्टरं छापूनही आलीयेत. तुमच्या बायकोला ते बघून कसंतरी झालं म्हणून तुम्ही विचारताय, आणि एजन्सीवाला म्हणतोय की वाद झाला तर चांगलंच की, फुकट पब्लिसिटी.

नका करू. उत्तर एवढंच आहे, घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण ‘नका करू’ एवढं सांगून तुम्ही एजन्सीसमोर टिकणार नाही, ती पोरं प्रेझेंटेशन करण्यात हुशार असतात, मीही होते. २२ वर्षं झाली मला या धंद्यात, सुरुवात पुण्यात अ‍ॅक्टिव्हेशनमधून, म्हणजे रस्त्यावर, मॉलमध्ये, सोसायट्यांत जाऊन जे काही उद्योग करतात ते, मग मुंबईत एजन्सी, आता परत पुण्यात स्वतःचं छोटं काम. इतक्या वर्षांत मी कोणतीही अचाट आयडिया आली की एकच प्रश्न विचारायला शिकले: याची पावती कोणाच्या नावानं फाटणार? कारण लोकांचं लक्ष फुकट मिळत नाही, कोणीतरी त्याचे पैसे भरतंच. कधी कंपनी स्वतः भरते, मग लोक टाळ्या वाजवतात. आणि कधी कंपनी हळूच ती पावती रस्त्यावरच्या माणसाच्या नावानं फाडते, त्याची भीती, त्याचं दुःख, त्याची आशा वापरून, त्याला न विचारता. लोक भडकतात ते या दुसऱ्या प्रकाराला. जोक फसला म्हणून लोक भडकत नाहीत हो, फसलेला जोक लोक दोन दिवसांत विसरतात.

मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडेचं तुम्हाला आठवत असेलच. २ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार सकाळ, तिच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट आली की ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली. वय ३२. चॅनेलवाल्यांनी बातम्या चालवल्या, लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाई स्वतः व्हिडिओत हजर, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. मागे मुंबईची श्बँग नावाची डिजिटल एजन्सी होती, तिनं नंतर जाहीर माफी मागितली, त्यातही हे सांगितलंच की बघा किती लोकांनी या आजाराबद्दल सर्च केलं. आदल्याच दिवशी अंतरिम बजेटमध्ये ९ ते १४ वयाच्या मुलींना या कॅन्सरची लस देण्याला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली होती आणि ४ तारखेला जागतिक कॅन्सर दिन होता, म्हणजे टायमिंग बरोब्बर साधलेलं, कागदावर बघितलं तर मला मान्य करावं लागेल की प्लॅनिंग हुशार होतं.

आणि सर्च वाढला हेही खरंच. इथे बरेच जण नुसती शिवी देऊन मोकळे होतात, पण मला वाटतं ती एजन्सी जो दावा करत होती तो नीट तपासायला हवा. लोकांनी सर्च केलं, पण त्यांना कळलं काय? हा आजार कसा असतो बघा, तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणूनच तर पॅप टेस्टला अर्थ आहे, मध्ये सापडला तर थांबवता येतो, आणि लस तर आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये बाजारात आणलीये. म्हणजे या आजाराबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर बाई, तुझ्याकडे वेळ आहे, जाऊन तपासून घे. आणि स्टंटनं काय सांगितलं? की काल-परवा पार्टीत दिसलेली ३२ वर्षांची मुलगी आज सकाळी अचानक गेली. बरोब्बर उलटं! जागृतीच्या नावाखाली त्या आजाराचं चुकीचं चित्र घरोघरी पोचलं. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जातात, त्यातल्या कित्येकींनी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल, आणि तो ऐकला एका खोट्या मरणाच्या बातमीत.

पावती कोणाच्या नावानं फाटली? परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर चादर टाकून राहिलेले नातेवाईक बघितलेत कधी? गावाहून आलेले, हातात फाइल, पुढची तारीख कधीची मिळते याची वाट बघत. माझी मावशी तिथेच होती, दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरसाठी. त्या दिवशी मोबाइल उघडला की तेच, आणि मग दुसऱ्या दिवशी कळतं की गंमत होती. मला कोणी विचारलं की लोक एवढे का चिडले तर मी म्हणेन, जे कुणाला तरी खरोखर पोचवून आलेत त्यांना वाटलं की आमच्या घरी झालं त्याची कुणीतरी नक्कल केली आणि वर लाइक मोजले.

आता माझं स्वतःचं सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांच्याच चुका काढतेय.

२००९-१० ची गोष्ट. पुण्यातला एक बिल्डर क्लायंट होता, नाव सांगत नाही. आमची आयडिया अशी की लोकांच्या दारात एक कागद सरकवायचा, हिरवा लीगल साइझ, वर लाल अक्षरात ‘अंतिम सूचना’, आणि खाली सरकारी मराठीत ‘आपणांस कळविण्यात येते की सदर जागा १५ दिवसांत रिकामी करावी’. कागद उलटला की मागे रंगीत फोटो, ‘कारण तुमचं स्वतःचं घर तयार आहे!’ मीटिंगमध्ये आम्ही सगळे खूश, क्लायंट तर उठून उभा राहिला. भाड्यानं राहणारी कुटुंबं गाठायची म्हणून भाग निवडला पेठांचा, जुने वाडे, जुन्या इमारती. व्हेंडरला काम दिलं, व्हेंडरनं पोरं लावली, दारामागे रुपया-दोन रुपये असा हिशोब.

आता घोळ बघा. कागद दाराखालून सरकवायचा असं ठरलेलं, पण जुन्या वाड्यांच्या दारांना उंबरे. कागद आत जाईना. पोरांना संध्याकाळपर्यंत शेकडो दारं उरकायची होती, त्यांनी काय केलं, सरळ खळ लावली आणि दारावर चिकटवले. रंगीत बाजू आत. म्हणजे जोक दाराला चिकटला आणि बाहेर राहिली नुसती नोटीस! त्यात आम्हाला कुठे माहीत होतं की त्यातल्या एका वाड्यात मालक आणि भाडेकरूंची खरीच केस चालू होती, वर्षानुवर्षं चाललेली. तिथे एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी ती नोटीस वाचली, ठाण्याला मुलाला फोन केला, आणि मुलगा रात्री पोचेपर्यंत त्यांनी देव्हाऱ्यातले देव काढून एका डब्यात कापडात गुंडाळून ठेवले होते. बाकी काही आवरलं नव्हतं, फक्त देव.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला मला पाठवलं, क्लायंटच्या सांगण्यावरून पेढ्यांचा बॉक्स घेऊन, तो बॉक्स आठवला की अजून लाज वाटते. मुलगा भयंकर चिडलेला होता, त्याचं मला काही वाटलं नाही, चिडणारच. आजी शांत होत्या. म्हणाल्या, “हे लावायच्या आधी तू एकदा मोठ्यानं वाचलं होतंस का गं?” मी म्हटलं नाही. खरंच नव्हतं वाचलं. स्क्रीनवर डिझाइन म्हणून बघितलं होतं, फाँट बघितला होता, लाल रंग नीट सरकारी वाटतोय का ते बघितलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे कोणतीही अशी गोष्ट आली की मी ती मोठ्यानं वाचायला लावते, उभं राहून, ज्याला मागची बाजू माहीत नाही अशा माणसाच्या आवाजात. निम्म्या आयडिया तिथेच मरतात. आणि हो, क्लायंटनं त्या प्रकरणानंतर पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? पेपरात छोटी बातमी आली होती, त्यात आपलं नाव आलं का? नव्हतं आलं, तर साहेब नाराज. फुकट पब्लिसिटीवाल्या तुमच्या एजन्सीची मला म्हणूनच गंमत वाटते.

या गोष्टीतून धंद्याचं एक तंत्र समजून घ्या, ते तुमच्या पोस्टरला तसंच्या तसं लागू आहे. असल्या स्टंटचे दोन भाग असतात, टीझर आणि रिव्हील. आधी घाबरवायचं, मग हसवायचं. कागदावर दोन्ही सारखेच पोचतात असं धरलेलं असतं पण प्रत्यक्षात टीझर जितक्या लोकांपर्यंत जातो त्याच्या तुकड्यालाही रिव्हील गाठत नाही. तुमच्या पोस्टरचंच घ्या. रिक्षातून जाणारा माणूस क्यूआर स्कॅन करणार आहे का? भाजी घेऊन चाललेल्या काकू करणार आहेत का? ते फक्त फोटो बघणार, अरेरे म्हणणार. आणि त्यातला एखादा भला माणूस मोबाइलनं पोस्टरचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, ‘कृपया जास्तीत जास्त शेअर करा’. तो फोटो मग नाशिकहून मालेगाव, तिथून धुळे, जळगाव. क्यूआर अर्धा कापलेला. हरवलेल्या मुलांचे मेसेज, मूल सापडून घरी येऊन शाळेत जायला लागलं तरी वर्षानुवर्षं फिरत राहतात, तुम्हीही पाहिले असतील. तुमचं उद्घाटन होईल, ऑफर संपेल, आणि ती न हरवलेली मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर हरवलेलीच राहील.

आणि धुळे मी उगाच नाही लिहिलं. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होत्या, त्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं गावात आली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून जगणारी. जमावानं पाचही जणांना ठेचून मारलं. नाशिकहून काही तासांवरचं गाव आहे ते. तेव्हा ‘मुलगी हरवली’ हे शब्द आपल्या भागात नुसते भावनिक नाहीत, त्यांच्यावर माणसं मेलीयेत. तुमच्या एजन्सीच्या पोरांना हे आठवत नसेल, तेव्हा ती शाळेत असतील. पण तुम्हाला आठवायला हवं.

जागेची आठवण, मी याला असं म्हणते. प्रत्येक गावाला कशाची तरी भीती बसलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००७ च्या जानेवारीत एका कार्टून मालिकेच्या प्रमोशनसाठी दहा शहरांत छोटे लाइटवाले बोर्ड लावले, त्यात एक कार्टून मधलं बोट दाखवतंय, मागे वायरी आणि बॅटऱ्या. नऊ शहरांत फार कोणी ढुंकून बघितलं नाही. बॉस्टनमध्ये कोणीतरी पुलाखालचा बोर्ड बघून पोलिसांना कळवलं आणि ३१ जानेवारीला अख्खं शहर अडकलं, बॉम्बशोधक पथक, रस्ते बंद, स्टेशन बंद, नदीतल्या बोटीसुद्धा थांबवल्या. कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले, कार्टून नेटवर्कच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. बाकी जगानं बॉस्टनवाल्यांची टिंगल केली, एवढ्याशा बोर्डाला घाबरले म्हणून. पण ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या टॉवर्सवर आदळलेली दोन्ही विमानं बॉस्टनच्याच विमानतळावरून उडाली होती. आता विचार करा, असा वायरीवाला डबा कोणी दादर स्टेशनच्या पुलाखाली लावला असता तर? आपण तर रोज ऐकतो, बेवारस वस्तूला हात लावू नका.

भीतीचं झालं. आशेची पावती फाडली की काय होतं तेही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की हे नाही तर लकी ड्रॉ करायचा प्लॅन बी आहे. तो करा, पण फिलिपिन्सची गोष्ट वाचून करा.

१९९२ मध्ये पेप्सीनं तिथे नंबर फीव्हर नावाची स्कीम काढली. बाटलीच्या झाकणाच्या आत तीन आकडी नंबर, रोज रात्री टीव्हीवर विजेता नंबर, सगळ्यात मोठं बक्षीस १० लाख पेसो, तेव्हाचे साधारण ४० हजार डॉलर. देश वेडा झाला, खप चढला, म्हणजे मार्केटिंग म्हणून बघाल तर तुफान यश. २५ मेला रात्री नंबर जाहीर झाला ३४९. मोठ्या बक्षिसाची झाकणं बाजारात दोनच असायला हवी होती. पण घोळ असा की ३४९ नंबरची सुमारे आठ लाख झाकणं आधीच छापली गेली होती, बिनबक्षिसाचा नंबर म्हणून. रात्रीत लाखो घरांत वाटलं, आपण सुटलो. झोपडीत राहणारी माणसं झाकण मुठीत धरून पेप्सीच्या गेटवर. कंपनी म्हणाली, तुमच्या झाकणावरचा सिक्युरिटी कोड जुळत नाही.

बरोबर होतं ते, कायद्यानं. पुढे २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानंही कंपनीचीच बाजू धरली. पण रात्रभर दहा लाखांचा मालक राहिलेल्या माणसाला तुम्ही सकाळी कोड शिकवायला जाता? कंपनीनं मग सद्भावना म्हणून प्रत्येकी ५०० पेसो देऊ केले, जवळपास पाच लाख लोकांनी ते घेतले, बक्षिसांच्या बजेटच्या चौपट पैसे त्यातच गेले. ज्यांनी नाही घेतले ते रस्त्यावर उतरले. पेप्सीचे ट्रक जाळले, गावठी बॉम्ब फेकले, निदान पाच माणसं मेली, त्यात एक शिक्षिका आणि एक लहान मूल, रस्त्यावर होती एवढाच त्यांचा दोष, आणि कंपनीचे कामगारही. छपाईतली चूक होती हो, कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण चूक छापखान्यात झाली आणि पावती फाटली त्या शिक्षिकेच्या नावानं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हूवर कंपनीनं १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन रिटर्न तिकिटं फुकट दिली, आधी युरोपची आणि मग चक्क अमेरिकेची. त्यांचा हिशोब असा की फॉर्म इतके किचकट ठेवू की लोक कंटाळून सोडून देतील. लोक कसले कंटाळतात! नको असलेले व्हॅक्युम क्लीनर लोकांनी नुसत्या तिकिटासाठी घेतले आणि खोक्यासकट विकायला काढले. कंपनीला जवळपास ५ कोटी पौंडांचा फटका बसला, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले आणि शेवटी युरोपातला सगळा धंदा विकावा लागला. तेव्हा तुमच्या लकी ड्रॉला माझं एकच म्हणणं, जे बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहाल ते सगळ्यांनी मागितलं तर द्यायची ताकद आहे का ते बघा, आणि कूपनं छापणाऱ्याकडे स्वतः जाऊन नंबर तपासा, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ बघून ओके करू नका.

एजन्सीवाला अजून एक मुद्दा मांडेल, की हेतू चांगला आहे ना, मुलांची सुरक्षा. हा हेतूवाला प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. डिसेंबर २०२४ मध्ये येसमॅडम नावाच्या घरपोच सलून कंपनीचा एक मेल व्हायरल झाला, की आम्ही सर्व्हे घेतला आणि ज्यांनी कामाचा ताण आहे म्हणून सांगितलं त्यांना काढून टाकलं. लोकांनी सोलून काढलं. मग कंपनी म्हणाली कोणालाच काढलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधायचं होतं. आता बघा, ताणाबद्दल बोलायचं होतं आणि देशभरातल्या नोकरदारांना मेसेज काय गेला, की साहेबाला ताण सांगू नका, नोकरी जाईल. पूनम पांडेसारखंच, जे शिकवायचं होतं त्याच्या उलटं शिकवलं. तुमचंही तेच होणार. मुलांची सुरक्षा म्हणत तुम्ही काय करणार आहात, तर शहराला शिकवणार आहात की ‘मुलगी हरवली’ असं पोस्टर म्हणजे बहुतेक जाहिरात असते. लांडगा आला रे आला. महिन्याभरानं पंचवटीत कोणाची तरी खरी मुलगी हरवेल, तिची आई खरं पोस्टर लावेल, आणि लोक म्हणतील, ते कॅमेरेवाल्याचं असेल. मी सांगितलेली पावती ती हीच. ती त्या बाईच्या नावानं फाटणार आहे आणि तुम्हाला ती कधी भेटणारही नाही.

लोक असा संशय घेतातच. आठवतंय, २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पिंपळे सौदागरला ‘शिवडे, आय अ‍ॅम सॉरी’ असे ३०० बॅनर लागले होते? मीसुद्धा दिवसभर शोधत होते की कोणाचा टीझर आहे, एवढं बजेट कोणी लावलं. निघाला बिचारा रुसलेल्या मुलीची माफी मागणारा एक पोरगा. आम्ही लोकांना इतकं टीझर-टीझर करून ठेवलंय की खरं प्रेमही जाहिरात वाटतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण वकील मी नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक भिंतीवर-खांबावर पोस्टर चिकटवणं महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात बसतं. अफवेनं लोकांत घबराट पसरवण्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे. ते तुमच्यावर टिकेल की नाही ते पुढचं पुढे, पण उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही रिबिनीपाशी असाल की पोलीस स्टेशनच्या बाकावर एवढं बघा. त्या दिवशी एजन्सीवाला फोन उचलत नाही, हा अनुभव आहे. पोलिसांचं ऑपरेशन मुस्कान खऱ्या हरवलेल्या मुलांसाठी चालतं, मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर खरे फोन येत असतात, त्यात तुमच्या कागदी मुलीचे फोन नकोत.

आणि समजा पोस्टरं आधीच कुठे लागली असतील तर आजच्या आज काढा, आणि माफी मागायची वेळ आली तर ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य लिहू नका. हे वाक्य म्हणजे आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी शोधून काढलेली पळवाट आहे, त्यात चूक दुखावणाऱ्याची नसून दुखावल्या गेलेल्याची वाटते. फ्लिपकार्टचा २०१४ चा पहिला बिग बिलियन डे आठवा, ६ ऑक्टोबरला साइट कोलमडली, आधी किमती वाढवून मग सूट दाखवली म्हणून लोक शिव्या देत होते, तर दुसऱ्याच दिवशी दोन्ही संस्थापकांनी ग्राहकांना मेल करून काय-काय चुकलं ते मुद्देसूद सांगितलं आणि सॉरी म्हटलं. लोक निवळले, पुढच्या वर्षी परत खरेदीला आले. आमच्या चुकीनं झालं, काढून टाकलंय, परत करणार नाही, बास. पेढे पाठवू नका.

मग करायचं काय, लक्ष तर वेधायचंय. २०१३ च्या प्रयागच्या कुंभात लाइफबॉयनं तिथल्या ढाब्यांमध्ये २५ लाख पोळ्यांवर गरम शिक्का मारला होता, ‘लाइफबॉयने हात धुतले का?’ अशा अर्थाचा. हात पोळीला लावायच्या क्षणी समोर तो प्रश्न. कोणी घाबरलं नाही, कोणाचं काही गेलं नाही, सगळे पैसे कंपनीनं भरले आणि लोक हसत हात धुवायला उठले. मला ती आयडिया सुचली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि तुमच्या तर घरीच कुंभ येतोय, २०२७ चा सिंहस्थ. रामकुंडावर खरीच माणसं हरवणार आहेत, म्हाताऱ्या आया, लहान पोरं, भाषा न कळणारे लोक. तोपर्यंत छोटं करून बघा, यंदाच्या गणपतीत एका मोठ्या मंडळाशी बोला, पोलिसांची परवानगी घ्या, आणि मांडवापाशी तुमचे कॅमेरे, एक स्क्रीन आणि दोन माणसं बसवून ‘हरवलंय का कोणी? इथे या’ असं टेबल लावा. दहा दिवसांत एक पोर जरी आईला सापडलं तरी ती बाई तुमच्या दुकानाचं नाव जन्मभर सांगेल, आणि सांगताना तुमचा क्यूआर स्कॅन करायला लागणार नाही. खर्च? त्या ५०० पोस्टरांच्या छपाईपेक्षा जास्त, पण एजन्सीच्या बिलापेक्षा कमी.

त्या ५०० पोस्टरांचं मात्र एक लक्षात ठेवा. रद्दीत तशीच घालू नका, आधी फाडा, फोटोच्या मधोमध. रद्दीवाल्याकडून ती भजीवाल्याकडे जाणार, आणि द्वारका सर्कलला कोणीतरी भजी खाता खाता कागद उलगडून बघणार आणि खाणं टाकून त्यावरच्या नंबरला फोन लावणार.